दारावरचा ल्युबेन

दोन्काची खिडकी तिसऱ्या दिवशीही उघडली नव्हती, आणि नेवेनाच्या डोक्यातून ते काही केल्या जात नव्हतं. मिरच्या भाजताना, रक्तदाबाची गोळी घेताना, टीव्ही लावून त्याच्याकडे न बघता बसताना तोच घोर. ती बाई तळघरात एकटी बसून काय समजून चालली असेल? आणि जे समजून चालली आहे ते खोटं आहे, हे माहीत असलेली आपण एकटीच.

ती खिडकी म्हणजेच दोन्काचं दुकान. फुटपाथला लागून, गुडघ्याच्या उंचीवर एक झडप. आत तळघरात दोन्का, बाहेर गिऱ्हाईक. सिगरेट, बिअर, सूर्यफुलाच्या बिया, काहीही हवं असो, उकिडवं बसून मागायचं. सोफिया शहराच्या या भागात चित्रकार राहिले, नट राहिले, वकील राहिले, एक मंत्रीसुद्धा राहून गेला. पण दोन्कापुढे उकिडवं बसल्याशिवाय त्यांतल्या कुणाला काडेपेटी मिळाली नाही.

"चर्चमध्ये वाकत नाहीत ते माझ्यापुढे वाकतात," ती म्हणायची. "मी मात्र कुणाला आशीर्वाद देत नाही. सुट्टे देते."

दोन्का व्रात्साजवळच्या खेड्यातून आली ती सुताच्या गिरणीत कामाला. तिचा नवरा ल्युबेन ट्राम चालवायचा. राजवट बदलली, गिरणी बंद पडली, तेव्हा त्याने, नेवेना वर राहते त्याच घराच्या तळघरातली कोळशाची खोली मागून घेतली, भिंतीतलं भोक छिन्नीने मोठं केलं आणि बायकोला म्हणाला, "बस इथे. सगळी गल्ली पायांनी चालत तुझ्याकडे येईल." तशी ती आली. दोन्का लोकांना चपलांवरून ओळखायची. कुणाची टाच झिजली, कुणी लंगडतोय, कुणाच्या पायात आज नवे बूट आहेत, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं.

त्यांना मूल झालं नाही. नेवेना शाळेत भूगोल शिकवायची, तिची पाळी दुपारची. म्हणून तिची रालित्सा सात वर्षांची असल्यापासून दुपारभर त्या तळघरात असायची, बिअरच्या क्रेटवर बसून गणितं सोडवत. सुट्टीच्या दिवशी ल्युबेन तिला ट्राममध्ये आपल्या मागे उभी करायचा आणि वळणावर घंटा वाजवू द्यायचा. "राली अर्धी माझी आहे," दोन्का नेवेनाला सांगायची. "कुठली अर्धी ते तू ठरव. खाणारी की अभ्यास करणारी."

आणि आता हे घर बघायला लोक येतात.

घर आहेच तसं. गच्चीखाली दगडी बायकांचे चेहरे, कोपऱ्यावर मनोरा, आणि दार तर विचारूच नका. ओकचं लाकूड, त्यावर लोखंडी लिलीची फुलं, मधे रंगीत काच. हिरवी टोपी घातलेला एक तरुण गाइड रोज परदेशी माणसांचा घोळका दारापुढे उभा करतो आणि सांगतो की हा कलावंतांचा मोहल्ला, इथे खरं आयुष्य अजून टिकून आहे. खरं आयुष्य म्हणजे दोन्काची खिडकी. मग त्यांतला एखादा तिथे उकिडवा बसतो आणि दुसरा त्याचा फोटो काढतो.

"काय देऊ?" दोन्का विचारायची.

"काही नको, फक्त फोटो."

"मग ऊठ बाबा. मागे माणसं खोळंबलीत."

ज्या आयुष्याचं एवढं कौतुक, ते जगणारी माणसं घरात उरली किती? म्हातारी माणसं गेली, त्यांची मुलं जर्मनीत, स्पेनमध्ये. वरचे बहुतेक फ्लॅट पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने जातात आणि जिन्यावर दिवसभर चाकांच्या बॅगा आपटतात. ते फ्लॅट सांभाळते रालित्सा. सहा वर्षं रॉटरडॅममध्ये हॉटेलात राबून ती परत आली, इथेच राहीन म्हणाली, तेव्हा नेवेनाने मेणबत्ती लावली होती. तिच्या बरोबरीच्या किती आयांची मुलं फोनच्या पडद्यावर राहतात. आपली दोन ट्राम थांब्यांवर राहते. म्हणून नेवेना तिच्याशी बोलताना काचेवरून चालावं तशी चालायची. जिन्यातल्या बॅगांबद्दल बोलली नाही. अंगणातलं अक्रोडाचं झाड तोडून तिथे खुर्च्या टाकल्या, तेव्हाही बोलली नाही.

दाराचं पॉलिश झालं तेव्हा तर ती खूशच होती.

इथे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि दोन ओळी छापलेला कागद दारावर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला पुन्हा. या घरातला माणूस आधी दारावर लागायचा आणि मग जमिनीत जायचा. नेवेनाचे वडील त्या दारावर होते, दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर होता, ऑपेरात कर्णा वाजवणारा म्हातारा होता. स्मरणाच्या दिवसाला कुणी कुणाला बोलवत नाही. बोलावणं लग्नाचं. इथे कागद वाचायचा, तारीख ध्यानात ठेवायची आणि फुलं घेऊन जायचं. दार हेच बोलावणं.

ल्युबेनच्या वर्षाचा कागद दोन्काने सोमवारी पहाटे लावला. दुखऱ्या गुडघ्यांनी पुढच्या पायऱ्या चढून, स्वतःच्या हाताने. ट्रामच्या गणवेशातला त्याचा फोटो, खाली 'एक वर्ष तुझ्याशिवाय', आणि शनिवारची वेळ. मग ती अंगणातल्या जिन्याने आपल्या तळघरात उतरली. पुढच्या दाराशी तिचं एरवी काम नसतं, आणि खिडकीतून दार दिसत नाही. पाय दिसतात.

नेवेना त्या आठवड्यात बहिणीकडे प्लोवदिवला होती. शनिवारी ती आगगाडीतून उतरली ती थेट दफनभूमीवर गेली. दोन्काने भलंमोठं पातेलं भरून गव्हाच्या घुगऱ्या शिजवल्या होत्या, वर पिठीसाखर, अक्रोडाचे तुकडे. पाव, वाईन, मेणबत्त्यांचा गठ्ठा. आणि माणसं? दोन्का, नेवेना, धर्मगुरू आणि ट्राम डेपोतला एक निवृत्त म्हातारा, ज्याला तारीख पाठ होती. बस.

धर्मगुरूंनी घड्याळ बघितलं.

"थोडं थांबा, फादर," दोन्का म्हणाली. "पुढच्या ट्रामने येतील."

ट्राम आली. ल्युबेनचाच मार्ग तो. फाटकाशी थांबली, कुणी उतरलं नाही, घंटा वाजवून निघून गेली. दोन्काने आणखी एका ट्रामची वाट पाहिली, मग म्हणाली, "करा सुरू."

भरलेलं पातेलं घेऊन त्या परतल्या. स्मरणाचं अन्न परत घरात न्यायचं नसतं. म्हणून दोन्काने झडप उघडली आणि कागदी पेल्यांत घुगऱ्या घालून रस्त्यावरून जाणाऱ्यांना द्यायला लागली. नेवेना बाहेर उभी राहून हातभार लावत होती. घेणाऱ्याने म्हणायचं असतं, 'देव त्याला क्षमा करो.' एवढंच. एका पोस्टमनने म्हटलं. एका बाईने म्हटलं. मग हिरव्या टोपीचा घोळका आला.

"वा, आज तुमचं नशीब जोरावर आहे," गाइड त्यांना इंग्रजीत म्हणाला. "स्थानिक गोड पदार्थ, चाखायला फुकट."

नेवेनाला इंग्रजी कळतं. तो मुलगा इथलाच, इथल्याच आईच्या पोटचा. ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याही आजीचं असं पातेलं झालं असेल. मेलेल्या माणसाच्या नावाचा घास त्याने पाहुण्यांना मिठाई म्हणून वाढला, आणि ते मिटक्या मारत फोटो काढू लागले. एकीने बिनसाखरेचं मिळेल का, म्हणून विचारलं.

"काय म्हणतेय ती?" दोन्काने खालून विचारलं.

"देव त्याला क्षमा करो म्हणतेय," नेवेना म्हणाली.

दोन्काने नुसतं वर पाहिलं आणि झडप ओढून घेतली. तेव्हापासून ती बंद आहे.

त्याच दुपारी कोपऱ्यावरचा चांभार मिंचो नेवेनाला म्हणाला, "काय बाई, काळे कपडे? कोण गेलं?"

"ल्युबेनचं वर्ष होतं, मिंचो. तू कुठे होतास?"

त्याचा चेहरा पडला. "वर्ष झालं? अहो, पण कागद कुठे होता? मी रोज त्या दारावरून जातो. आमचं अख्खं दुकान आलं असतं."

नेवेनाने दार पाहिलं. पॉलिश चकचकीत, कुठे ओरखडा नाही. आत गेली. टपालपेट्यांशेजारी एक नवा फळा होता. कपडे धुण्याचे दर, इंटरनेटचा पासवर्ड, कचरा कुठे टाकायचा याच्या सूचना, आणि त्यांच्या मधे ल्युबेन.

रविवारी रालित्सा जेवायला आली तेव्हा नेवेनाने विचारलं.

"मी फेकला नाही, आई. सोमवारीच काढून आत लावला. नीट, चार टाचण्या मारून."

"आत कोण वाचणार होतं?"

"घरातली माणसं."

"घरात आहे कोण? तुझे पाहुणे? ते येणार होते ल्युबेनच्या थडग्यावर?"

"हे बघ, पॉलिशचे पैसे मालकांनी दिलेत. गोंदाने ते उखडतं. सहा महिन्यांच्या कागदाच्या वेळी एका बाईने लिहिलं, घरात शिरताना मेलेला माणूस टक लावून बघतो. दुसऱ्याने विचारलं, याला पोलीस शोधताहेत का. मी काय उत्तर देऊ?"

"सांगायचं, याने मला घंटा वाजवायला शिकवली."

रालित्साने काटा खाली ठेवला. "एवढं होतं तर तू चार जणांना फोन करायचास."

"स्मरणाला फोन करतात?"

"मग काय करू मी? सोडू हे काम? जाऊ परत रॉटरडॅमला? तसं सांग."

नेवेनाने पातेलं जवळ ओढलं. तिने आणखी सूप वाढलं.

पण मंगळवारपर्यंत ते सूप तिच्या घशाशी आलं होतं. ती अंगणातल्या जिन्याने खाली उतरली. दोन्का बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हे काय, ताई?"

"भाऊ येतोय गुरुवारी गाडी घेऊन. जाते त्याच्याकडे. कोंबड्या आहेत तिथे. कोंबड्यांना निदान रोज दाणे लागतात, त्या माणसाला विसरत नाहीत."

"अगं, तुला कुणी विसरलं नाही."

"मला सोड गं. मला कोण विचारतंय?" दोन्काने बरणीला दोरी बांधली. "पाच दिवस दारावर होता तो. अख्ख्या गल्लीने पाहिलं आणि पुढे गेली. दोष नाही देत मी. इतकी वर्षं वाकून वाकून कंबर धरली असेल त्यांची." ती हसली, आणि ते हसू नेवेनाला बघवलं नाही. "आणि हे बघ, रालीला काही बोलू नकोस हं. आली नाही म्हणून. कामात असेल पोर. तिची कामं मला माहीत आहेत."

सांगायला एक वाक्य पुरे होतं. नेवेनाने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे विमानतळ आला, सरकत्या दारापलीकडे पाठमोरी चालत गेलेली पोर आली. तोंड मिटलं. "चहा करू का?" असं काहीतरी ती म्हणाली.

घरी आल्यावर तिला संताप आला. कुणाकुणावर संतापायचं? त्या टोपीवाल्यावर, पॉलिशला जपणाऱ्या मालकांवर, मेलेल्या माणसाला घाबरणाऱ्या पाहुण्यांवर? ते सगळे परके. परक्यांना माफ करता येतं. पण ज्या पोरीने त्या तळघरात अर्धं बालपण काढलं, ती ल्युबेनला कचऱ्याच्या सूचनांशेजारी टाचते, आणि म्हातारी वर तिचीच बाजू घेते? आणि आई सूप वाढते? दूर जाईल म्हणून मुलीला काहीच म्हणायचं नाही, तर मग ती जवळ राहून तरी कुणाची राहिली?

आपण खाली जाऊन सांगून टाकावं, असंही तिच्या मनात आलं. पण ते सांगणं रालित्साचं होतं, आपलं नव्हे. गुरुवारी गाडी येणार होती.

नेवेनाने फोन हातात घेतला. रालीला हवं ते म्हणू दे, रॉटरडॅमचं तिकीट काढते म्हणू दे. आज संध्याकाळी तिने अंगणातल्या जिन्याने खाली उतरायचं, दोन्कापुढे उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की लोक विसरले नव्हते मावशी, कागद मी काढला. एवढंच रालीला सांगायचं, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवायचा, असं ठरवून तिने रालित्साचा नंबर लावला.