शरयूबाईंचा अकरा वर्षांचा नवस आणि भैयाजीचे बैल

शरयूबाईंनी अकरा वर्षं संत्रं खाल्लं नव्हतं. वर्ध्याकडे राहून संत्रं न खाणं म्हणजे नदीकाठी राहून पाण्याला न शिवणं. पण यजमान विषमज्वरात हाती लागेनासे झाले, तेव्हा त्या केळझरच्या गणपतीला बोलून बसल्या होत्या: हे उठले तर माघी चतुर्थीला स्वहस्ते केलेल्या एकवीस मोदकांचा नैवेद्य, आणि तो पोचेपर्यंत संत्रं वर्ज्य. प्रभाकरराव उठले, हेडक्लार्क झाले, अंगानं भरले. नवस मात्र तसाच राहिला. दर माघात कधी साहेबांची तपासणी, कधी पाहुणे, कधी सोयरसुतक.

चौपन्न सालच्या माघात देव पावला तो एका विलायती मासिकातून. कचेरीत आलेल्या त्या अंकात फ्रान्स देशातलं चित्र होतं: चाकांचं घर, दारात खुर्च्या टाकून बसलेले नवराबायको.

"बघ, नोकर नाही, चाकर नाही. फक्त दोघं!" प्रभाकरराव म्हणाले. "आपणही आठ दिवस असेच हिंडू. पहिला मुक्काम पवनारला धाम नदीच्या काठी, दुसरा तुझं केळझर."

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्याच्या भैयाजीची बैलबंडी ठरली. तिच्यावर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर चढलं. घर विसरायला निघालेल्या या माणसानं मग त्यात घडीची खुर्ची, टेबल, गादी, तंबू, बादली असं सगळं घर घातलं. शरयूबाईंनी चूल, कढई आणि सोवळ्याचा डबा घातला.

भैयाजी म्हणाला, "साहेब, मी येतो हाकाले. माहे बैल सीझनभर जिनात कापूस वाह्यतेत, त्याईची आदत..."

"फ्रान्समध्ये गाडीवान नसतो," प्रभाकररावांनी त्याला तोडलं.

पवनारला साहेब खुर्चीत बसून नदी पाहत राहिले. बाईंनी घरच्यासारखाच स्वयंपाक केला, फक्त वाकून. दुसऱ्या दिवशी पहाटे धामेत अंघोळ करून एकवीस मोदक तळले, डब्यात भरले. माध्यान्हीला नैवेद्य पोचायला हवा होता. दिवस उगवायच्या आत बंडी निघाली.

सेलूपर्यंत सगळं फ्रान्ससारखं झालं. तिथल्या सरकी काढायच्या एका जिनासमोर कापसाच्या बंड्यांची रांग होती. भैयाजीचे बैल सडक सोडून वळले आणि त्या रांगेच्या शेवटी जाऊन शहाण्यासारखे उभे राहिले. कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, शेवटी इंग्रजीतही सांगून पाहिलं. तोवर मागे दहा बंड्या येऊन लागल्या.

"काय साहेब, कापूस कुठी हाय?" पुढून कुणी ओरडलं. "का साहेबालेच मोजाचं हाय?"

रांग हसली. शरयूबाई सूर्याकडे बघत होत्या.

पुढच्या बंडीवरची धुरपता खाली उतरून आली. केळझरची कुणबीण, नवऱ्याबरोबर कापूस घेऊन आलेली. बैल पाहून तिनं कपाळाला हात लावला. "हे तं भैयाजीचे! वजनकाट्यावर चढून, बंडी खाली करून, सरकीची ढेप खाल्ल्याबिगर हे हालत नाईत. साहेब, हाकलून काऊन थकून राह्यले?"

"आमचा बाराचा नैवेद्य आहे हो," शरयूबाई डबा छातीशी धरून म्हणाल्या. "अकरा वर्षांचा."

धुरपतेनं नवऱ्याला, रामाजीला, हाक मारली, "अवो, बाईचा नवस हाय, यायले पुढं घ्या!" देवाच्या नावानं रांग सरकली. काट्यावर खुर्ची-टेबलासकट फ्रान्सचं वजन झालं. बैल तरी ढिम्म. शेवटी खुर्ची, टेबल, गादी, तंबू, बादली, सगळं साहेबांनी जिनाच्या ओट्यावर उतरवलं. बैलांनी ढेप खाल्ली, समाधानानं मान हलवली, आणि पिपरी मेघ्याची वाट धरली. रिकामी बंडी घराकडेच जाते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अगं, चढ लवकर! थांबत नाहीयेत!" बंडीतून प्रभाकरराव ओरडले.

शरयूबाईंनी एकदा बंडीकडं पाहिलं, एकदा हातातल्या डब्याकडं. "तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. लग्नानंतर बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

रामाजीची बंडी रिकामी होऊन केळझरला निघाली, तेव्हा बाई तिच्यात होत्या, डबा मांडीवर.

"सोवळ्याचं आहे हो," त्या अवघडून म्हणाल्या.

"मी नाई शिवत," धुरपता म्हणाली. "पण बैलाले तुमीच सांगा, हिसका देऊ नोको म्हनून."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नवस कायचा होता, बाई?"

"ह्यांच्या जिवाचा."

"आन् त्याईलेच सोडून आल्या?" धुरपता पदरात तोंड घालून हसली. शरयूबाईंना आधी लाज वाटली, मग त्याही हसल्या.

ऐन बाराला गणपतीपुढं एकवीस मोदक मांडले गेले. शरयूबाईंनी डोळे मिटले. नमस्कारात त्यांनी यजमानांना सुखरूप घरी पोचव म्हणून मागितलं. बैल ते काम आधीच करत होते.

देवळाच्या पायरीवर धुरपतेनं ओटीतून तीन संत्री काढली. बाईंनी एक खाल्लं. दुसरंही खाल्लं. तिसरं यजमानांसाठी डब्यात ठेवलं.

"ते तं आता घरी पोचले असतीन," धुरपता म्हणाली. "वर्ध्याच्या बाजारात संत्र्याची का कमी हाय?"

बाईंनी जरा विचार केला. मग डबा उघडला आणि तिसरंही सोललं.