जंगल तुमचं कोण लागतं?

जगातल्या कुठल्याही माणसाला बोलतं करायची विद्या आमच्या समाजशास्त्राच्या सरांकडे होती, आणि ती म्हणजे स्वतः गप्प बसणं. मुलुंडच्या डोंगराला लागून जंगल आहे. कडेच्या वस्तीतल्या माणसांना ते कसं वाटतं, याचा सर अभ्यास करत. झाडं मोजायची नाहीत, माणसांचं ऐकायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. यालाही अभ्यास म्हणतात, हे वडिलांना पटवताना माझी वाट लागली. "गप्पा मारायला कॉलेज कशाला रे?" ते म्हणत.

दर रविवारी सर टेपरेकॉर्डर तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून वस्तीत शिरत. लोकांना वाटे, झोपड्या तोडायची नोटीस आली. सर मात्र चहा घेऊन एकच प्रश्न विचारत, "जंगल तुमचं कोण लागतं?" आणि मग खांबासारखे गप्प. लाकडं फोडणारी एक बाई फणकारली, "अहो, जंगल काय माझा दीर आहे?" मला हसू फुटलं. सर हलले नाहीत. कॅसेट फिरत राहिली, शेजारचा कोंबडा आरवला, आणि ती हळूच म्हणाली, "सासूसमोर रडता येत नाही. म्हणून लाकडांना मीच जाते." मी ते सगळं कागदावर उतरवलं, तर सरांचा लाल शाईतला शेरा आला, 'इथली शांतता गाळलीस. कोंबडापण.'

हा अभ्यास काही संपत नसे. विभागप्रमुख अहवाल मागत, सर म्हणत, "अजून एक माणूस राहिलाय." एकदा तर सासुरवाडीला आलेल्या घाटकोपरच्या जावयालाही त्यांनी बसवून घेतलं. तो बिचारा जंगल पहिल्यांदाच बघत होता.

शेवटी वस्तीतली माणसं संपली. आम्ही झाडाखाली बसलो होतो, कॅसेट थोडी उरली होती. मी भीत भीत विचारलं, "सर, जंगल तुमचं कोण लागतं?"

"माझं काय विचारतोस रे!" ते हसले. मी त्यांनीच शिकवल्याप्रमाणे गप्प बसलो. फार जड गेलं.

"माझी ही गेल्यापासून," ते म्हणाले, "रविवारी घरात कुणी हाक मारत नाही. इथे कुणीतरी म्हणतं, चहा घेणार का."

मग टेप त्यांनी स्वतःच बंद केला. दुसऱ्या दिवशी अहवाल देऊन टाकला.

पुढच्या रविवारी काम नव्हतं. तरी मी मुलुंडला गेलो. सर त्याच झाडाखाली बसले होते, रिकाम्या हातांनी.

"तू कसा रे?"

"एक माणूस राहिलाय, सर."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. ती शांतता मी कुठे उतरवली नाही. पण गाळलेलीही नाही.