नाव घासू नका

गोरेगावात उसनं भांडं देताना सोजराबाईचा हात कधी आखडला नाही, पण तिचं भांडं बुडवायची कुणाची छातीही झाली नाही. लोक भांड्याच्या काठावर नाव टाकतात. सोजराबाई काठावर तर टाकायचीच, शिवाय भांड्याच्या कानाखाली, म्हणजे धरायच्या कडीखालच्या बेचक्यात, आणखी एकदा, बारीक अक्षरात. काठावरचं घासून कुणी 'आमचंच आहे' म्हणालं, की ती भांडं उचलून कानाखालचं वाचून दाखवायची. "नेलं तर नेलं," ती म्हणायची, "पर नाव घासू नये, अन् भांडं रिकामं परत आणू नये."

तिच्या लेकानं, रत्नपालनं, हा स्वभाव जसाच्या तसा उचलला होता. जीप स्टँडजवळ त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानदार बिलं छापायला जी चिमुकली मशिनं वापरतात, त्यांना कंप्युटरचं म्हणणं समजावून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यानं स्वतः लिहिला आणि इंटरनेटवर उघडा टाकला. परवाना आईचाच: कुणीही घ्या, वापरा, बदला, फक्त लिहिणाऱ्याचं नाव ठेवा आणि तुमचे बदलही असेच उघडे करून द्या. शिवाय आईसारखीच एक खोडी त्यानं आत पुरून ठेवली.

हिंगोलीचे माणिकराव एका कंपनीची असली मशिनं जिल्हाभर विकायचे. कंपनीचा ड्रायव्हर कुलूपबंद; आत काय लिहिलंय ते कुणाला दिसायचं नाही, आणि जुन्या मशिनांना तो मुद्दाम दाद द्यायचा नाही. जुनं मशीन नव्या कंप्युटरवर चालेनासं झालं, की 'नवं घ्या' एवढंच उत्तर. रत्नपालच्या ड्रायव्हरवर मात्र तीच जुनी मशिनं टुणटुणीत चालायची. माणिकरावांच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. बाजाराच्या दिवशी ते आपला लॅपटॉप आणि विक्रीचं मशीन घेऊन दुकानात शिरले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "आमच्या कंपनीचा ड्रायव्हर चोरून वाटून राहिला तू! केस करतो!"

चोर हा शब्द ऐकताच किराणावाल्या सुनितानं दुरुस्तीला आणलेलं मशीन काखेत मारलं. आणखी दोघांनी आपापली मशिनं मागितली. रत्नपालचं तोंड उतरलं. दुकान गेलं तर दुसरं टाकता येईल, पण चोर म्हणून याच गावात राहायचं कसं? त्यात मागच्या स्टुलावर खुद्द सोजराबाई बसलेली.

"चोराच्या उलट्या बोंबा," ती म्हणाली. "रत्ना, कानाखाली दाखव की यांना."

माणिकराव दोन पावलं मागं सरकले.

"भांड्याच्या म्हन्ते म्या," सोजराबाई म्हणाली.

आता रत्नपालच्या डोक्यात उजेड पडला. "साहेब, मशीन तुमचं, लॅपटॉप तुमचा, ड्रायव्हरबी तुमच्याच कंपनीचा. मी बोट लावत न्हाई. फक्त छापताना प्रती किती, तिथं शून्य टाका."

"शून्य प्रती? मग छापणार काय, डोंबल?"

"टाका तर."

शून्य प्रती आजवर कुणी मागितल्या नव्हत्या, म्हणून कंपनीच्या इंजिनिअरांनीही तिथं हात घातला नव्हता. रत्नपालचा ड्रायव्हर उचलताना त्यांनी वरचं नाव तेवढं घासलं होतं. मशीन कुरकुरलं आणि जीभ काढावी तशी त्यातून पट्टी बाहेर आली. सुनितानं ती फाडून मोठ्यानं वाचली: "हे भांडं सोजराबाईचं. घेऊन जा, वापरा. नाव घासू नका, रिकामं परत आणू नका."

जो हशा पिकला तो पार जीप स्टँडपर्यंत गेला. माणिकरावांनी कंपनीला फोन लावला; पलीकडचा साहेब आधी तावातावानं बोलला आणि मग फारच हळू. सुनितानं काखेतलं मशीन गुपचूप टेबलावर ठेवलं. रत्नपालला इतकं हलकं वाटलं की त्याचे डोळेच भरून आले.

भांडण झालं म्हणून पाहुणा उपाशी पाठवणं सोजराबाईला पटणारं नव्हतं. तिनं माणिकरावांना घरी नेऊन धपाटे वाढले. त्यांना आता भांडं वाचायचा नाद लागला होता. खाता खाता त्यांनी थाळीचा काठ न्याहाळला आणि त्यांचा चेहरा खुलला. "शकुबाई ग्यानबा! बाई, ही तर शेजारणीची थाळी!"

"व्हय. पोळ्यापासून वापरून राहिले," सोजराबाई शांतपणे म्हणाली. "नाव घासलं का म्या?"

दिवाळीनंतर कंपनीनं आपला ड्रायव्हर गाजावाजा न करता उघडा केला. रत्नपालचं नाव पहिल्या ओळीत परत आलं होतं. मराठी बिलांतली त्याला कधी धड न जमलेली जोडाक्षरंही कंपनीच्या पोरांनी सुरेख बसवली होती. त्यानं ते आईला सांगितलं.

"म्हंजी रिकामं न्हाई आलं," सोजराबाई म्हणाली आणि तिनं मांडणीवरची थाळी काढून पुसली. "जा रत्ना, शकुबाईची थाळी देऊन ये. अन् चार धपाटे घाल तिच्यात."