खाऱ्या पाण्याची वजू

लतीफाच्या हातचा डाळ-मटणाचा दालचा खाल्ला नाही असं घर आमच्या कामरगावात कमीच सापडेल. लग्नाचा स्वयंपाक धरायची, पण देगा, ती मोठाली पातेली, स्वतः घासायची. दुसऱ्याने घासलेल्या देगेत तिने कधी तेल ओतलं नाही. आमची दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. मी सकाळी बुद्धवंदना म्हणते, तेव्हा पलीकडे तिच्या बधन्यातून, म्हणजे तोटीच्या लोट्यातून, पाणी पडल्याचा आवाज येतो. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात, त्याला वजू म्हणतात. त्या लोट्याला कुणाचा उष्टा हात लागला तरी ती तो राखेने घासायला बसते.

अशी बाई बोटीवर राहायला गेली. माझा दीर देवमन कोकणात पुण्याच्या एका साहेबांच्या बोटीवर कामाला आहे. दोन लांब होड्या जोडून वर घर मांडावं तशी ती बोट, कॅटामरान म्हणतात तिला. थंडीचे महिने साहेब आणि मॅडम तिच्यातच राहतात. मालवण, देवगड, जयगड करत जिथे आडोसा मिळेल त्या खाडीत नांगर टाकतात. त्यांना स्वयंपाकीण पाहिजे होती. लतीफाचा मुलगा शाहिद बायकोला घेऊन कारंज्याला वेगळा राहायला गेलेला, घर खायला उठत होतं. ती गेली.

मॅडम मोबाईलवर दाखवतात ती बोट पांढरीशुभ्र असते. लतीफाने सांगितली ती वेगळीच. गादीला बुरशी, उशीखाली झुरळं, कपडे कधी धड वाळत नाहीत, आणि सगळ्याला डिझेलचा आणि ओल्या फडक्याचा वास. संडास तिच्या झोपायच्या फळीच्या उशाशी. हापशीसारखा दांडा वरखाली हापसला की घाण खाली जायची. गोडं पाणी फक्त प्यायला, बाकी सगळं खाऱ्यात. लतीफाने नाक दाबून हेही सोसलं, कारण समुद्राचं पाणी पाक, म्हणजे पवित्र, असतं हे ती लहानपणीच शिकली होती. मागच्या पायरीवरून दोरीने बादली सोडायची, बधना भरायचा, वजू करायची. भाजी आणि भांडीही त्याच बादलीतून.

आपल्याकडे संडासाखाली टाकी असते, भरली की उपसायला गाडी येते. बोटीलाही तसंच असणार, हे तिने धरूनच चाललं होतं. तिथेच चुकलं.

एका खाडीत बरेच दिवस मुक्काम पडला. वारा नाही, पाणी तळ्यासारखं. सकाळी बादली ओढली तर तिच्यात कागद. कागदाखाली काय होतं ते तिने मला सांगितलंय, मी लिहीत नाही.

"देवमन! टाकी फुटली काय रे?"

"टाकी वापरतच नाही, आपा. वास मारते. साहेब म्हणतात, डायरेक्ट सोड."

"डायरेक्ट कुठं?"

देवमनने बादलीकडे पाहिलं.

"मुडद्या! मी रोज इथूनच पानी काढतो, अन् तू पाहून राह्यला होता?"

"मले वाटलं, तुमाले मालूम हाये. समुद्र लय मोठा हाये, आपा."

"समुद्र मोठा हाये. बादली तं लहान हाये ना!"

तिला तिथेच उलटी झाली. आणि मग आठवलं, याच पाण्याने वजू करून इतक्या नमाजा पढल्या. त्या झाल्या की गेल्या?

ओहोटीला गावच्या बाया बोटीच्या आसपास चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातले जीव, वेचत होत्या. मॅडमनी टोपलीभर घेतल्या. "लतीफाताई, ताज्या आहेत, झणझणीत करा. मी व्हिडिओ काढते."

"मॅडम, तुमी रोज सकाळी जे सोडता, तेच ह्या खाऊन राह्यल्या. तुमचंच तुमाले वाढू?"

"शी! जेवणाआधी काय बोलता हे!"

"बोलल्याची शी येते तुमाले?"

साहेब म्हणाले, "भरती येते, सगळं धुऊन जातं."

"मंग पायरीवर बसून एक चूळ भरून दाखवा."

साहेब हसले. चूळ काही भरली नाही.

"टाकी चालू करा, नाही तं मले उतरवा," लतीफा म्हणाली. साहेबांनी देवमनला छोटी होडी सोडायला सांगितली. देवमनने वल्ही मारत तिला काठावर सोडलं आणि परत त्याच बोटीवर गेला. माझा दीर आहे, तरी सांगते, मला त्याचीही किळस आली.

काठावरच्या एका कोळणीने तिला आपल्या विहिरीवर अंघोळ करू दिली. बधना तिने तिथेच बसून कितीदा घासला.

घरी आल्यावर शाहिदने मौलवींना विचारलं. ते म्हणाले, समुद्र तो समुद्र, नमाजा झाल्या, मनात किंतू ठेवू नका. तरी पलीकडून आता दुपारीही अवेळी पाण्याचा आवाज येतो. बोटीवरची एकेक नमाज ती पुन्हा पढते.

"कायले वो लतीफा? मौलवी म्हणले ना, झाल्या म्हणून."

"मौलवीनं ते बादली पाह्यली काय?"

आमच्या दारच्या हापशीचा दांडा मात्र ती आता हातात धरत नाही. मी हापसते, ती बधना धरते.