चौकीवरची रहस्यकथा

सेलूच्या पुस्तक प्रदर्शनात मी माझीच पुस्तकं मांडून बसलो होतो. त्यात बालपणीच्या आठवणी होत्या, प्रवासवर्णन होतं आणि युद्धकाळातली एक रहस्यकथाही होती. नऊवारीतल्या एका वयस्क बाईंनी ती रहस्यकथा उचलली आणि मुखपृष्ठावरच्या जवानावरून हळूच बोट फिरवलं.

"यात काय हाय?"

मी रंगात येऊन सांगू लागलो, "चौकीवर एक जवान मरतो. कसा, ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. तीच तर मजा आहे."

"शेवटी कळतं ना पण?"

"कळतं."

"मग द्या. माझं लेकरू बी चौकीवरच गेलं. कसं, ते आमाला कोणीच सांगितलं न्हाई."

मला त्यांच्याकडे बघवेना. प्रत्येक पुस्तकावर सही करून द्यायची माझी सवय. ते पुस्तक मात्र मी खाली मान घालून तसंच दिलं.