घोळीचा वाफा

२००३ सालचा उन्हाळा मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मौनात काढला, आणि तो काही हौसेने नव्हे. नवरा सकाळी सातला गाडी घेऊन ऑफिसला जायचा. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे नोकरी करायची नाही, आणि ड्रायव्हिंग तर येतच नव्हतं. संध्याकाळी तो आल्यावर मी दिवसातला पहिला शब्द बोलायची, तेव्हा घसा बसलेला असायचा. नागपुरात ज्या पोरीला सगळे ‘बाई, जरा श्वास तरी घे’ म्हणायचे, तिची ही गत!

घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक कम्युनिटी गार्डन होतं, लोकांना भाजी लावायला वाफे देणारं. तिथे मी एक वाफा घेतला. शनिवारी सकाळी इथे ग्रुप जमतो, असं फाटकावर वाचलं आणि हरखलेच. चला, माणसं भेटतील, चार गप्पा होतील! गेले, तर गप्पा कसल्या, डोंबल! सगळे गवतावर गोल करून बसले, शिकवणाऱ्या बाईंनी छोटी घंटा वाजवली आणि पुढे अर्धा तास कुणी हूं की चूं केलं नाही. ध्यान! आठवडाभर घरी गप्प बसून मी इथे आणखी गप्प बसायला आले होते.

वर त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “तुम्ही इंडियाच्या, तुम्हाला हे लहानपणापासून येत असेल.” मी मान डोलावली. कसलं येतंय! आमच्या घरी देवापुढेसुद्धा कुणी पाच मिनिटं गप्प बसलेलं मी पाहिलं नाही. पण आता पंचाईत झाली. मी डोळे मिटून गंभीर चेहरा करून बसायची आणि श्वास मोजायच्या ऐवजी नंतर बोलायची इंग्रजी वाक्यं जुळवायची. ती जुळेपर्यंत लोक गाड्यांत बसून गेलेले असायचे. डाव्या हाताला दर वेळी एक म्हातारी बसायची, वेणी घालणारी. ती हसायची, मी हसायची. तेवढंच.

जुलैत माझी मेथी सशांनी फस्त केली आणि त्या जागी आपोआप घोळ उगवली. हो, आपलीच घोळ! लालसर दांडे, जाडजूड पानं, आई डाळ घालून करायची तीच. मी मटकन खाली बसले. “अगं, तू इथे कशी?” मी मोठ्याने विचारलं. त्या दिवसापासून मी तिच्याशीच बोलायला लागले, मराठीत, मनसोक्त. सासूबाईंच्या तक्रारीसुद्धा तिनेच ऐकल्या. भाजीपुरते शेंडे खुडायची, बाकी हात लावायची नाही.

ऑगस्टमध्ये वाफ्याच्या खुंटीला चिठ्ठी लागली. तण आठ दिवसांत काढा, नाहीतर वाफा वेटिंग लिस्टवरच्या माणसाला जाईल. हा वाफा गेला तर मी दिवसभर जाणार कुठे? नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “सिंपल आहे यार, उपटून टाक. इंडियन स्टोअरमधून पालक आणू.” असा राग आला म्हणून सांगू!

मी वाक्य पाठ केलं. हे तण नाही, आम्ही हे खातो. शनिवारी ध्यानभर तेच घोकलं. मग गार्डनचं काम बघणाऱ्या गृहस्थांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, “सगळं ओके?” तण खातात म्हटलं तर हसतील, असं मनात आलं आणि मी म्हणाले, “येस, ओके.” दुसऱ्या दिवशी मी सगळी घोळ माझ्या हातांनी उपटली, पिशवीत भरून कचऱ्यात टाकली. तिला सॉरीसुद्धा म्हणाले नाही, इतकी लाज वाटत होती.

पुढच्या शनिवारी ध्यान संपल्याची घंटा झाल्यावर म्हातारीने माझ्या हाताला हात लावला आणि वाफ्याकडे बोट दाखवलं. “सगळी काढली?” तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. मग हळूहळू सांगितलं. ती मेक्सिकोची. तिची आई ही भाजी टोमॅटो घालून करायची. “रोज बघत होते. थोडी मागायची होती. पण माझं इंग्लिश चांगलं नाही. आणि तुम्ही ध्यानातल्या मोठ्या. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा.”

मोठ्या! अख्खा उन्हाळा मांडीला मांडी लावून आम्ही एकमेकींशेजारी गप्प बसलो होतो. मला रडूच फुटलं, चांगलं हुंदके देऊन. रडता रडता मी तिला सांगत सुटले, डाळ आधी भिजवायची, लसूण भरपूर घालायचा, पाणी बेताचं. सगळं मराठीत. ती माझा हात धरून मान डोलावत होती, आणि देण्यासारखं माझ्याकडे एक पानही उरलं नव्हतं.