आप्पांना वाचून न दाखवलेली बातमी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलालासुद्धा नाही.

वरवंडला आमच्या शेजारी आप्पा राहायचे. मी कारखान्यातून रिटायर झालो, त्याच सुमारास त्यांना वाचायला दिसेनासं झालं. मग रोज सकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. "नाना, आज काय म्हणतंय सरकार?" — हे ऐकलं की माझा दिवस सुरू व्हायचा. बायको गेलेली, मुलगा बाहेरगावी; घरात दुसरं बोलणारं होतं कोण?

त्या वर्षी आप्पांनी हरभरा विकला नव्हता. पोती घरातच रचलेली. शिरूरची लेक, सुमन, त्यांना कायमचं न्यायचं म्हणत होती. हरभऱ्याच्या पैशातून तिच्या घरावर आप्पांसाठी खोली बांधायची ठरली होती. "आजून थोडा भाव चढला की इकतो आन् जातो," म्हणायचे.

जातो — हा शब्द मला नको होता.

मग एका सकाळी बातमी आली : परदेशातला पिवळा वाटाणा आयातशुल्काशिवाय येऊ द्यायची मुदत सरकारनं वाढवली. बेसनात हरभऱ्याऐवजी हा स्वस्त वाटाणा खपतो. तो बंदरात उतरला की हरभऱ्याचा भाव पडणार — मला कळत होतं. आप्पांनाही कळलं असतं. त्यांनी त्याच दिवशी टेम्पो बोलावून पोती दौंडच्या बाजारात नेली असती, आणि आठवड्याभरात शिरूर गाठलं असतं.

मी पान उलटलं.

"वाटाण्याचं काय झालं वो?" त्यांनी आपणहून विचारलं.

"आता कर बसणार म्हणतात," मी म्हणालो. वाचल्यासारखं. पेपरावर बोट ठेवून.

गावात लोक त्यांना खरं सांगत होते. पण आप्पा म्हणायचे, "नानांनी पेपर वाचलाय." आणि रोज यायचे. आणखी दोन महिने आले. त्या सकाळी मला अजूनही हव्याशा वाटतात — खोटं बोललो त्यापेक्षा याची लाज जास्त वाटते. कसं सांगू?

भाव उतरत गेला. पोत्यांना कीड लागायला लागली, तेव्हा मिळेल त्या भावात हरभरा घालून आप्पा गेलेच. खोलीवर स्लॅब पडला नाही, पत्रे आले.

गेल्या उन्हाळ्यात मी शिरूरला गेलो. पत्रा तापलेला. आप्पा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते. माझा आवाज ऐकला आणि सरकून त्यांनी बाजेवर जागा केली — किती लगबगीनं! सुमन चहा घेऊन आली, तसे तिला म्हणाले, "सुमे, नानांसारखं वाचणारं हितं कुणी न्हाई बघ. पेपरात आसंल तेवढंच सांगायचे. पदरचं काय न्हाई."

ती माझ्याकडं बघून हसली.

"व्हय," मी म्हणालो, आणि बशी तोंडाला लावली.